काविळीचे एकवीस दिवस

रविवारी सकाळी अकराच्या बैठकीची सूचना विश्वासरावांनी शुक्रवारीच काढून फ्रिजवर लावली होती. विषय क्रमांक एक, चिरंजीव इंद्रजित यांच्या नियोजित चित्रपटाच्या पटकथेस हरकत अथवा ना-हरकत. विषय क्रमांक दोन, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. अध्यक्ष कोण, हे लिहिण्याची गरज नव्हती. केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी नोएडाच्या बासष्ट सेक्टरातल्या त्या तीन खोल्यांत अजून काही तोंडी होत नसे. दूधवाला बदलायचा तरी टिपणी लागे.

प्रभाबाईंनी सूचना वाचली आणि पाच किलो मटार मागवले. चार माणसं हमरीतुमरीवर यायची असली की त्यांच्या हाताला आधी काम द्यावं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव. नेरूरकरांच्या घरात आजवर जी काही भांडणं झाली ती मटार सोलत किंवा तांदूळ निवडत झाली, म्हणून घर टिकलं. जानेवारीचं ऊन हॉलमध्ये यायला लागलं तशी त्यांनी जुनी चादर पसरली, वर मटार ओतले, आणि मग त्यांची नजर पुन्हा विश्वासरावांच्या कुलूपबंद कपाटाकडे गेली.

कारण पटकथेत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. कागद आठवड्यापूर्वीच कुरिअरनं आले होते, पण विश्वासरावांनी ते कपाटात कुलूपबंद केले. तपासणी चालू असताना फाईल बाहेर जात नाही म्हणाले. बायकोलाही नाही? बायको हा काही सक्षम अधिकारी नव्हे. आता या माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग! रोज दुपारी दार लावून ते वाचत बसत, आणि बाहेर आले की एक शब्द बोलत नसत. प्रभाबाई त्यांचा चेहरा न्याहाळत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. एकशे चोवीस पानांच्या त्या बाडात त्यांना एकच गोष्ट शोधायची होती, कावीळ आहे की नाही.

ती कावीळ एकोणतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा सगळे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. विश्वासराव अवर सचिव, आणि त्यांच्या हाताखाली सेक्शन ऑफिसर होते दामू पाटणकर, दोन दारं सोडून राहणारे. एका मोठ्या खरेदीच्या फाईलवर दामूंनी 'हा व्यवहार नियमात बसत नाही' अशी स्वच्छ टिपणी लिहिली. वरच्यांना ती नको होती. दामूंनी बदलायला नकार दिला, आणि पुढच्या आठवड्यात ते पानच फाईलमधून नाहीसं झालं. उलट दामूंवरच कागद गहाळ केल्याचा ठपका आला. ते पान फाईलमध्ये होतं असं सांगू शकेल असा दामूंशिवाय एकच माणूस होता, विश्वासराव. चौकशीत त्यांनी 'मी पाहिलं' एवढं म्हणायचं होतं. ते म्हणणारही होते, शर्ट इस्त्री करून ठेवला होता. आदल्या दिवशी त्यांना कावीळ झाली.

कावीळ खोटी होती, आणि ती प्रभाबाईंनी आणली होती. ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट त्यांनीच आणलं. देविकाची बारावी, इंद्रजितची दहावी, नवऱ्याची बढती तोंडावर आलेली, आणि वरचे लोक बदलीसाठी टपून बसलेले. त्या नवऱ्याला म्हणाल्या, तीन आठवडे झोपा, चौकशी तुमच्यावाचून होऊन जाईल. विश्वासराव झोपले. पण माणूस मुळात प्रामाणिक. सरकारला दिलेला कागद खोटा ठरू नये म्हणून त्यांनी एकवीस दिवस काविळीचं पथ्य कडक पाळलं. तूप नाही, तिखट नाही, नुसती पेज. सहा किलो वजन उतरलं. एवढ्या निष्ठेनं खोटी कावीळ भोगणारा माणूस अख्ख्या केंद्र सरकारात दुसरा झाला नसेल.

आणि त्या एकवीस दिवसांत रोज सकाळी दामूंची बायको सुनंदा मुळ्याच्या पाल्याचा रस घेऊन यायची. तिच्या नवऱ्याला सस्पेंड केलं त्या दिवशीसुद्धा आली. पाटणकरांचं क्वार्टर गेलं, ते फरीदाबादला दोन खोल्यांत गेले. सहा वर्षांनी दामूंना परत घेतलं खरं, पण बढत्या गेल्या त्या गेल्या, आणि निवृत्तीनंतर वर्षभरात तेही गेले. सुनंदा विश्वासरावांशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. मंडळाच्या गणपतीत समोर आले तर पदर सावरून दुसरीकडे बघायची. प्रभाबाईंशी मात्र बोलायची. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला यायची, गुडघ्यांची विचारपूस करायची, देविकाच्या बाळंतपणात आठवडाभर येऊन राहिली होती. एकोणतीस वर्षं. दिल्लीत एवढ्या ओळखी झाल्या, पण मैत्रीण म्हणावी अशी प्रभाबाईंना ती एकच. आणि कावीळ बाहेर आली की ती जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंद्रजित शनिवारीच मुंबईहून आला होता. काळा टीशर्ट, काळी पँट, वर काळी शाल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याचं नाव देशभर गाजत होतं. 'गंज', 'खुरचन', 'नाका नंबर नौ', सगळेच सिनेमे मारधाडीचे, पण ज्यांत मारणारा मारताना विचार करतो असे. 'खुरचन' लागला तेव्हा मंडळातल्या बायका चांदणी चौकातल्या मिठाईवरचा सिनेमा समजून नातवंडांना घेऊन गेल्या, आणि मध्यंतरापर्यंत सोळा मुडदे बघून बाहेर आल्या. प्रभाबाईंना मुलाचं कौतुक होतं. त्यांना फक्त एक कळत नसे, याच्या सिनेमात कुणाच्याच घरी भांडी घासलेली का नसतात. प्रत्येक नळ गळतो, प्रत्येक भिंतीला पोपडे, आणि गरम जेवण कुणाच्या नशिबात नाही. त्याला विचारलं तर म्हणे, आई, जग काळं-पांढरं नसतं, ग्रे असतं. असेल बाबा. पण भांडी?

आल्या आल्या त्यानं हॉलची भिंत पाहिली आणि हिरमुसला. दिवाळीत रंग दिला होता. आधी किती मस्त ओल होती, म्हणाला.

अकराला देविका आली. ती सोळा सेक्टरातल्या एका न्यूज चॅनलमध्ये माणसं नेमायचं आणि काढायचं काम करत असे, त्यामुळे घरातही तिच्या बोलण्याला नोटीस दिल्याचा वास असे. तिचा सिनेमाला सक्त विरोध होता. घरची लफडी चव्हाट्यावर आणायची काय गरज आहे यार, असं तिनं चपला काढायच्या आधीच जाहीर केलं. विश्वासरावांचे धाकटे भाऊ हेरंबराव फरीदाबादहून गाडीनं आले, ते मात्र सिनेमाच्या बाजूनं. दामूंचं प्रकरण त्यांनीच पुतण्याला दोन पेग पोटात गेल्यावर सांगितलं होतं, तेही अर्धवट आणि आपल्या पदरचं घालून, कारण उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्यांचा स्वभाव. पुतण्यानं त्यांना एक भूमिका कबूल केली होती. ते जुन्या बाजारातून आणलेलं चामड्याचं जाकीट घालूनच आले होते, आणि उकडत असूनही काढायला तयार नव्हते.

मटारात हात घालता घालता हेरंबराव सहज म्हणाले, सुनंदावहिनी येतायत, मेट्रोनं निघाल्यात, साडेबारापर्यंत पोचतील.

प्रभाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. इंद्रजितनं समजावलं, आई, सिनेमाच्या पाटीवर 'सत्य घटना पर आधारित' लिहायचंय, त्याशिवाय पैसे घालणाऱ्या कंपनीला मजा नाही. मग वकील म्हणतात, जिवंत असतील त्यांच्या सह्या पाहिजेत आणि गेलेल्यांच्या वारसांच्या. दामूकाकांची वारस सुनंदाकाकूच ना? तो हे इतक्या निरागसपणे बोलला की प्रभाबाईंना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. साडेबाराला दीड तास होता.

विश्वासराव फाईल घेऊन बाहेर आले. पटकथेला त्यांनी पुठ्ठ्याचं कव्हर घातलं होतं, कडेला टॅग बांधला होता आणि पानोपानी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, क, ख, ग. समासात बारीक अक्षरात टिपण्या होत्या, निळ्या शाईत. हिरवी शाई सहसचिव आणि त्यांच्या वरच्यांना, ते उपसचिव होऊन थांबले. घरात हिरवं पेन आलं तर ते नातींना देऊन टाकत.

मग वाचन सुरू झालं. सिनेमाचं नाव 'दाखिल दफ्तर', म्हणजे आपलं दप्तरी दाखल. विश्वास नावाचा अवर सचिव, गालावर व्रण, जेवणाच्या डब्यात पिस्तूल. विश्वासरावांची हरकत व्रणाला नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की मंत्रालयाच्या भवनाच्या दारावर डबे उघडून बघतात, सबब तपशील पडताळावा. पान एकतीसवर हा अवर सचिव थेट मंत्र्यांना गोळी घालतो. तिथे लिहिलं होतं, 'मधले चार अधिकारी वगळले आहेत. प्रक्रियेचा भंग.' पान अठ्ठावन्नवर तोच माणूस रक्तानं माखलेल्या हातानं हिरव्या शाईत सही करतो. त्या ओळीखाली दोन रेघा होत्या आणि पुढे एकच शब्द, 'गंभीर'.

इंद्रजित आधी हसत होता. एकतिसाव्या पानानंतर तो वाद घालायला लागला आणि अठ्ठावन्नाव्या पानावर त्यानं वडिलांपुढे हात टेकले. देशातल्या कुठल्याही सेन्सॉरनं त्याला इतकं दमवलं नव्हतं.

तेवढ्यात हेरंबरावांनी चष्मा चढवून आपलं नाव शोधलं. ते त्यांना नवव्या पानावर सापडलं, आणि नवव्याच पानावर एक ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. मग त्यांना एकाएकी नेरूरकर घराण्याची अब्रू आठवली. दादाला खुनी दाखवायचं म्हणजे काय, वडील असते तर काय म्हणाले असते, रक्ताच्या नात्याला काही किंमत आहे की नाही, असं बरंच काही ते बोलले. सिनेमाला त्यांचा तत्त्वतः विरोध होता.

देविकाला आता जोडीदार मिळाला, पण तिचं लक्ष निराळीकडेच होतं. ती भराभर पानं उलटत शेवटापर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. पटकथेत विश्वासला एकच मुलगा होता, विचारी, एकलकोंडा, काळे कपडे घालणारा. बहीण नव्हतीच. ती अगदी शांत आवाजात म्हणाली, की मी या घरात जन्मले होते अशी माझी समजूत होती. इंद्रजित म्हणाला, ताई, स्टोरी टाइट ठेवावी लागते यार. त्यावर ती त्याला किती टाइट ठेवतात ते सांगायला लागली. ज्या सिनेमात घरची लफडी नकोत म्हणून ती भांडायला आली होती, त्याच सिनेमात आपलं लफडं का नाही म्हणून आता भांडत होती.

पण इंद्रजित गडी तयारीचा. निर्मात्यांना वळवून वळवून हात बसलेला. त्यानं दहा मिनिटांत ट्रक नवव्या पानावरून उचलून मध्यंतरापाशी नेला, आणि देविकाला लाच खाणारी पण मनानं घायाळ अशी पोलीस इन्स्पेक्टर केली. हेरंबरावांच्या लक्षात आलं की मध्यंतराला मरणं यात एक वजन असतं, आणि घराण्याची अब्रू पुन्हा फरीदाबादला परत गेली. देविकानं विचारलं, युनिफॉर्म असणार ना? बिल्कुल, तो म्हणाला. विरोधी पक्ष असा सरकारात गेला.

"आणि मी?" प्रभाबाईंनी विचारलं. विचारताना त्या मटारांकडेच बघत होत्या.

इंद्रजितचा आवाज मऊ झाला. तो येऊन त्यांच्याजवळ चादरीवर बसला. "आई, अख्ख्या सिनेमात तू एकटीच व्हाइट आहेस. बाकी सगळे ग्रे. तुझ्याकडे बघूनच तर लोकांना कळणार, की हे घर कशापायी बुडालं."

त्यांच्या वाट्याला एकच वाक्य होतं, 'अजी, खाना ठंडा हो रहा है'. ते तीनदा होतं. तिसऱ्यांदा रडत. म्हणूनच याच्या सिनेमात कुणी गरम जेवत नाही, हे प्रभाबाईंना आता कळलं. पण त्यांचं खरं काम दुसरंच होतं. त्यांनी हळूच विचारलं, आणि ती चौकशी चालते, दामूभावोजींची, तेव्हा हे कुठे असतात? इंद्रजित उत्साहानं म्हणाला, भवनाच्या गच्चीवर. दामूकाका चाळीस गुंडांना एकटे लोळवतात, आणि मग बाबा मागून येऊन त्यांच्या पाठीत गोळी घालतात. पाठमोरा माणूस, आई. मित्र. हा माझा सगळ्यात ग्रे सीन आहे.

कावीळ नव्हती. प्रभाबाईंचा जीव भांड्यात पडला. सर्टिफिकेट नाही, पेज नाही, काही नाही. त्या सहज म्हणून विश्वासरावांकडे बघायला गेल्या, आणि त्यांचा पडलेला जीव पुन्हा वर आला. विश्वासरावांनी पिस्तुलावर, डब्यावर, शाईवर हरकती घेतल्या होत्या. गच्चीच्या त्या चार पानांच्या समासात मात्र काहीच लिहिलं नव्हतं. एकशे चोवीस पानांत तीच चार कोरी होती.

साडेबाराला सुनंदा आली. पांढरे केस, स्वेटरवर नीट पिन केलेला पदर, पायात मोजे आणि चपला. तिनं देविकाच्या गालावरून हात फिरवला, हेरंबरावांच्या जाकिटाकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता प्रभाबाईंच्या शेजारी बसून मटार ओढून घेतले. विश्वासराव खुर्चीतून अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले. त्यांच्याकडे ती पाहत नसे हे घरातल्या सगळ्यांच्या इतक्या सवयीचं झालं होतं की कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. अबोला होता, आणि तो का होता हे मुलांनी कधी विचारलं नव्हतं.

इंद्रजितनं तिला गोष्ट सांगितली. चाळीस गुंडांपाशी ती थोडी लाजली. तिच्या नवऱ्याला झुरळ मारता येत नसे, वर्तमानपत्रावर घेऊन ते जिन्यात सोडून यायचे. बरं दिसेल, ती म्हणाली, असे उभे राहिलेले. मग तिनं पाठीतली गोळी ऐकली. तिचे हात थांबले नाहीत.

"ते बरोबर दाखवलंस," ती म्हणाली. "अगदी तसंच झालं."

विश्वासरावांनी मान खाली घातली, फाईल पुढे ओढली आणि शेवटचं पान काढलं. देविका त्यांच्या खांद्यावरून वाचत होती, तिनं ते सवयीनं मोठ्यानं वाचलं. 'प्रकरण तपासले. पात्र क्रमांक एकचे चित्रपटातील वर्तन प्रत्यक्षातील वर्तनाहून बरे आहे. तो निदान घटनास्थळी हजर आहे. जबाबदारी सर्वस्वी त्याचीच. हरकत नाही.' खाली सहीसाठी जागा सोडली होती. विश्वासरावांनी पेनाचं टोपण काढलं.

सर्वस्वी त्याचीच. प्रभाबाईंनी ते शब्द ऐकले आणि त्यांना नवऱ्याचा असा राग आला की बोलायची सोय नाही. एकोणतीस वर्षं हा माणूस त्या बाईचा अबोला मुकाट गिळत होता. एकदाही म्हणाला नाही, की ही माझी बायको विचारा तिला. उलट संक्रांतीला सुनंदा आली की स्वतः उठून आत जाऊन बसायचा, बायकांना मोकळेपणा मिळावा म्हणून. आणि आता मुलांसमोर, सगळ्या देशासमोर खुनी व्हायला निघाला होता, तेही शुद्ध लेखी. प्रभाबाईंना एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. मटार सोलायचे. आयुष्यभर त्यांना ते जमलं होतं.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "कावीळ मी आणली होती."

कुणाला काही कळलं नाही. हेरंबरावांनी विचारलं, कुणाला कावीळ झाली? मग प्रभाबाईंनी सांगितलं. सर्टिफिकेट कुणाकडून आणलं ते, इस्त्रीचा शर्ट हँगरवरून काढून आपल्याच हातानं ट्रंकेत टाकला ते, नवरा जातो म्हणत होता तेव्हा आपण दारात कशा आडव्या बसलो ते. हे निघाले होते, मी जाऊ दिलं नाही. देविकानं विचारलं, म्हणजे माझ्या बारावीसाठी? तेव्हा त्या म्हणाल्या, बारावीसाठी, दहावीसाठी, क्वार्टरसाठी, सगळ्यासाठी, आणि भीतीसाठी सगळ्यात जास्त. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. विश्वासराव दोनदा मध्ये 'प्रभा' म्हणाले, दोन्ही वेळा त्यांनी हातानं थांबवलं. माझं ऐकून झोपले हा यांचा गुन्हा आहेच, म्हणाल्या, पण आधी माझा.

हे सगळं त्या सुनंदाकडे बघून बोलत होत्या. सुनंदा टरफलं बाजूला करून त्यांचा नीट ढीग लावत होती.

"कावीळ खोटी आहे हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "डोळे स्वच्छ पांढरे होते त्यांचे."

"मग रस का आणत राहिलीस?"

"तुमच्यासाठी, प्रभाताई. मला वाटलं त्यांनी तुम्हालाही फसवलंय. दिवसभर त्यांचं पथ्य सांभाळताय, रडवेल्या झालायत. मला तुमची कीव यायची."

सुनंदा सगळं ऐकून भांडेल, टाकून बोलेल, याची प्रभाबाईंनी एकोणतीस वर्षं मनात तयारी केली होती. कीव त्यांच्या हिशेबातच नव्हती. म्हणजे ती मैत्री जिच्यावर उभी होती ती बाई दुसरीच कुणीतरी होती, भोळी, फसवली गेलेली, आणि ती बाई या घरात कधीच राहत नव्हती.

इंद्रजितनं मघापासून नोंदवही उघडून ठेवली होती. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर तो आत्तापर्यंत चार पानं लिहून बसला असता. त्यानं वही मिटली. तो आईजवळ सरकला आणि अगदी लहानपणी परीक्षेचा पेपर अवघड गेल्यावर बोलायचा तसा बोलला.

"आई, हे मी घेऊ शकत नाही."

त्यानं कारणंही दिली. लोक बापाला माफ करतात, खुनी असला तरी करतात. आईला नाही करत. शिवाय हे सगळं घरात, अंथरुणात, पेज पीत होतं, त्यात कॅमेऱ्याला काही करायला नाही. प्रभाबाई त्याला म्हणाल्या, अरे, पण तूच म्हणतोस ना, सगळे ग्रे असतात.

"सगळे असतात," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तू नाही. तू हे परत कुणाला सांगू नकोस."

देविका खिडकीशी जाऊन फोन बघत उभी राहिली, फोन बंद होता. हेरंबरावांनी जाकीट काढून मांडीवर घेतलं. विश्वासरावांच्या हातात पेन तसंच उघडं होतं. सुनंदा गुडघ्यांवर हात ठेवून उठली, टेबलापाशी गेली आणि तिनं त्यांच्या हातातून ते पेन घेतलं. शेजारीच ठेवलेल्या वकिलांच्या संमतीपत्रावर वारसाच्या रकान्यात सही केली, खाली तारीख घातली.

"ठेव ही," ती इंद्रजितला म्हणाली. "तुझ्या सिनेमात तरी ते कुणासमोर उभे राहतात." मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि विश्वासरावांकडे पाहिलं. नीट, समोरून पाहिलं. त्यांचे केस कधी एवढे गेले हे तिला बहुधा आत्ताच दिसत होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "मला मेट्रोपर्यंत सोडायला याल का?"

विश्वासराव उठले, खुर्चीला अडखळले, मफलर शोधायला आत गेले, आणि तो न घेताच बाहेर आले. सुनंदा दारात चपला घालत होती. बाहेर दुपारचं ऊन होतं, स्टेशन दहा मिनिटांवर, चालायला दोघांनाही वेळ लागणार होता. प्रभाबाई पदरातली टरफलं झटकून घाईघाईनं उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या खुंटीवरची शाल काढायला वळल्या.

"तुम्ही नका येऊ," सुनंदा म्हणाली.